आईचा गुडघा आणि भावाची नडगी

पत्र थोडक्यात असं:

«माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. दहा महिन्यांपूर्वी अपघातात त्याच्या नडगीचं हाड मोडलं. आत सळई घातली, पण हाड अजून जुळलेलं नाही. सर्जन म्हणतात, कमरेच्या हाडातून मज्जा काढू आणि मोडलेल्या जागी सोडू, तिच्यात स्टेम सेल असतात. आईचं वय ६४. तिच्या दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजली आहे. एका क्लिनिकमध्ये तिला सांगितलं की स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं की गादी पुन्हा तयार होईल आणि ऑपरेशन टळेल. भावाच्या वेळी मी लगेच हो म्हटलं, आईच्या वेळी म्हटलं, जरा थांबू. तेव्हापासून ती माझ्याशी तुटक बोलते. 'त्याचं हाड ते हाड, आणि माझा गुडघा म्हणजे काय लाकूड?' असं म्हणाली. एकाच घरात एकाच उपचाराला एकाला हो आणि एकाला नको कसं म्हणायचं? आणि मुळात माझं बरोबर आहे का? — मध्ये अडकलेली.»

मध्ये अडकलेल्या ताई,

आईंचं वाक्य मी दोनदा वाचलं. गुडघा खरंच लाकडाचा असता तर आमचं काम फार सोपं झालं असतं, असं आधी मनात आलं. मग वाटलं, बाई दुखावल्या आहेत, आपण विनोद कसला करतोय.

उत्तर आधी देऊन टाकतो. भावाला हो आणि आईला थांब, हा तुमचा कौल मला पटतो. तुम्ही तो नुसत्या अंदाजाने दिलात, म्हणून तो तुम्हालाच पक्षपातासारखा वाटतोय. दोघांना सुचवलेला उपचार एक नाहीच मुळी. दोन वेगळ्या बाटल्यांवर एकच चिठ्ठी चिकटवलेली आहे. 'स्टेम सेल' या शब्दाचं हल्ली 'टॉनिक'सारखं झालंय, आत काय आहे ते कुणी विचारत नाही. मी हाडांचा डॉक्टर. त्याआधी दोन वर्षं एका प्रयोगशाळेत मूळ पेशींपासून (स्टेम सेलचंच हे मराठी नाव) कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, बनवण्याच्या खटपटीत होतो. त्यामुळे या चिठ्ठीबद्दल मला जरा जास्तच बोलावंसं वाटतं, ते सहन करा.

भावापासून सुरुवात करू. हाडाची गोष्ट सरळ आहे, आणि ती कळली की गुडघ्याची निम्मी कळते.

कातडी फाटली की व्रण राहतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की तिथेही व्रणच राहतो. हाड मात्र हाडानेच जुळतं. काही वर्षांनी एक्स-रे काढला तर कुठे मोडलं होतं ते कित्येकदा शोधावं लागतं. मोडल्यावर पहिल्यांदा त्या जागी रक्त साकळतं. मग हाडावरच्या पातळ सालीतून आणि आतल्या मज्जेतून मूळ पेशी त्या गाठीत शिरतात. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ, रबरासारखा भरणा तयार होतो. आम्ही त्याला कॅलस म्हणतो. हा मऊ कॅलस बराचसा कूर्चेचा असतो. म्हणजे जी गादी आईंच्या गुडघ्यात उरलेली नाही, तिच्याच जातीचा पदार्थ मोडलेल्या नडगीत शरीर आपणहून तयार करतं! मग त्या कूर्चेत रक्तवाहिन्या घुसतात, चुना बसतो आणि तिच्या जागी हाड येतं. एवढं डोक्यात ठेवा, कारण पुढे आपल्याला इथेच परत यायचं आहे.

मोडलेल्या हाडांपैकी साधारण शंभरात पाच ते दहा वेळेत जुळत नाहीत किंवा जुळतच नाहीत. नडगी त्यात पुढे असते. पुढच्या बाजूने हात फिरवून बघा, कातडीखाली लगेच हाड लागतं. मांसाचं पांघरूण नाही, त्यामुळे रक्तपुरवठाही बेताचा. अशा अडलेल्या हाडाला बाहेरून पेशींची कुमक पाठवायची, ही कल्पना तुमच्या सर्जननी काल-परवा काढलेली नाही. सोव्हिएत संशोधक अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत दाखवलं की मज्जा बशीत ठेवली तर बहुतेक पेशी तरंगत राहतात, थोड्या तळाला चिकटतात, आणि अशा एकेका चिकट पेशीपासून पेशींची अख्खी वसाहत उभी राहते. ती प्राण्याच्या अंगात घातली की हाड तयार होतं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या आर्नल्ड कॅप्लान यांनी या पेशींना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव दिलं. त्या नावाचं पुढे काय झालं ते सांगतोच.

भावासाठी कामाचा पुरावा फ्रान्समधला आहे. फिलिप एर्निगू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नडगी न जुळलेल्या ६० रुग्णांची हकीकत छापली. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, यंत्रात गरगर फिरवून दाट करायची आणि सुईने फटीत सोडायची. ६० पैकी ५३ जणांची हाडं जुळली. मला त्याहून जास्त पटला तो पुढचा भाग. ज्या ७ जणांची जुळली नाहीत, त्यांना मिळालेल्या मज्जेत या पेशी बऱ्याच कमी निघाल्या. पेशी कमी पडल्या तिथे गुणही कमी आला. समोर तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्या कामातली उणीव आहे. पण मात्रा आणि परिणाम असे हातात हात घालून चालले की उपचारात काहीतरी दम आहे असं मी धरतो.

आणि मात्रा सांभाळणं सोपं नाही बरं का. मज्जेतल्या दर दहा हजार ते एक लाख पेशींत अशी एखादी सापडते. त्यातही एका जागेवरून पहिले दोन-चार मिलीलिटरच दाट येतात. ओढत राहिलात तर पिचकारी भरते, पण रक्ताने. म्हणून थोडं काढायचं, सुईचं टोक फिरवायचं, पुन्हा थोडं काढायचं. शिकाऊ असताना मी एकदा एकाच जागेवरून मोठी पिचकारी भरून अभिमानाने वर धरली होती. माझ्या वरिष्ठांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "वा, रक्तदान छान झालं."

तेव्हा भावाच्या सर्जनना जरूर विचारा की मज्जा किती काढणार, दाट करणार का, आणि हे काम ते नेहमी करतात का. पण त्याच्याही आधीचे प्रश्न वेगळे आहेत. फटीत जंतुसंसर्ग नाही ना, याची तपासणी झाली का? सळई घट्ट आहे की हाडाची टोकं आत हलताहेत? फट केवढी आहे? आत पू असेल किंवा टोकं हलत असतील, तर जगातल्या सगळ्या स्टेम सेल ओतल्या तरी हाड जुळायचं नाही. अशा वेळी सळई बदलणं किंवा कमरेच्या हाडाचाच चुरा काढून फटीत भरणं हा जुना मार्ग जास्त खात्रीचा ठरतो. सर्जन तो सुचवतील तर 'जुनं काहीतरी गळ्यात मारताहेत' असं समजू नका. त्या चुऱ्यातही याच पेशी असतात, शिवाय त्यांना बसायला आयती मांडणी मिळते.

आता आईंकडे येऊ.

१७४३ साली लंडनमध्ये विल्यम हंटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने सांध्यांवर एक निबंध सादर केला. कूर्चेला लागलेलं दुखणं चिवट असतं आणि ती एकदा गेली की भरून येत नाही, असं त्याने त्यात लिहून ठेवलं. आज त्याला पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ लोटला. वाक्याला थोडे अपवाद जोडता आलेत, ते खोडता आलेलं नाही.

याचं कारण त्या गादीच्या घडणीत आहे. गुडघ्यातली कूर्चा जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाडीची असते, आणि तिच्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. रक्तवाहिनी एकही नाही, नसही नाही. पेशी मोजक्या, प्रत्येक आपापल्या खोबणीत कोंडलेली. चालताना गादी दाबली जाते आणि सुटते, त्या पिळण्यातून सांध्यातलं पाणी आत-बाहेर होतं, तेवढ्यावर त्या जगतात. नस नाही म्हणून झीज सुरू होते तेव्हा दुखत नाही. दुखायला लागतं तोवर खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर यांत भानगड सुरू झालेली असते. आणि रक्त नाही म्हणून जखम झाली तरी ते साकळणार नाही, साकळलं नाही म्हणून मूळ पेशींना आत शिरायला वाट नाही. भावाच्या नडगीत पहिल्या आठवड्यात जे घडलं, ते आईंच्या गादीत कधी घडूच शकत नाही.

यावर डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. गेल्या शतकाच्या मध्यात अणुबाँबच्या चाचण्या झाल्या, तेव्हा हवेतला किरणोत्सर्गी कार्बन एकदम वाढला आणि पुढे हळूहळू उतरला. त्यामुळे शरीरातला एखादा पदार्थ कोणत्या काळात घडला हे त्यातल्या कार्बनवरून ताडता येतं. त्यांनी गुडघ्याच्या कूर्चेतल्या कोलॅजेनचा, म्हणजे तिला बांधून ठेवणाऱ्या धाग्यांचा, असा हिशेब मांडला. हे धागे वाढीच्या वयात एकदा विणले जातात आणि पुढे जवळजवळ बदलतच नाहीत, असं निघालं. झिजलेल्या गुडघ्यातही नवी वीण दिसली नाही. तुमच्या आईंच्या गुडघ्यात आज जे धागे शिल्लक आहेत ते त्यांच्या शाळेच्या दिवसांतले आहेत. हे आईंना सांगाच. माझ्या एका रुग्ण आजींना सांगितलं तेव्हा त्या गुडघ्यावरून हात फिरवत बराच वेळ गप्प बसल्या होत्या.

मग प्रयोगशाळेत मूळ पेशींपासून कूर्चा बनतच नाही का? बनते. मी स्वतः बनवली आहे. बोटाएवढी नळी घ्यायची, तिच्यात मज्जेतल्या अडीच लाख पेशी सोडायच्या आणि यंत्रात फिरवायच्या. तळाला पांढुरका पापुद्रा बसतो. ठरावीक वाढीची प्रथिनं घातलेल्या द्रवात ती नळी ठेवली की एक-दोन दिवसांत पापुद्रा आक्रसून गोळी होते. तीन आठवड्यांनी ती मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, मोत्यासारखी चमकणारी होते. चिमट्याने दाबली तर दबते आणि सोडली की पूर्ववत होते, अगदी खऱ्या गादीसारखी. तिची पातळ चकती कापून सॅफ्रानिन नावाच्या रंगात बुडवली आणि ती लालभडक झाली की समजायचं, कूर्चा जमली. माझी पहिली चकती लाल झाली त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटलं, संपलं, गुडघ्यांचा प्रश्न सुटला!

सुटला नव्हता. ती गोळी तशीच वाढू दिली की आतल्या पेशी फुगायला लागतात आणि दहाव्या प्रकारचं कोलॅजेन बनवू लागतात. ही चुना बसण्याची पूर्वतयारी असते. ती उंदराच्या कातडीखाली ठेवली की तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि तिचं हाड व्हायला लागतं. भावाच्या नडगीतला तो कॅलस आठवला? तीच वाट. मज्जेतल्या पेशींच्या लेखी कूर्चा ही वाटेतली धर्मशाळा, मुक्काम हाडाच्या गावी. मोडलेल्या हाडात जो गुण आपल्याला हवा असतो, तोच गुडघ्याच्या पृष्ठभागावर अवगुण ठरतो. त्या पेशींना धर्मशाळेतच कायमचं कसं थोपवून ठेवायचं, यावर गेली पंचवीस-तीस वर्षं जगभर डोकेफोड चालू आहे.

कूर्चेच्या दुरुस्तीत खरं यश मिळालं ते थोड्या वेगळ्या वाटेने. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या सर्जननी १९९४ मध्ये २३ रुग्णांची माहिती छापली. गुडघ्याच्या कडेचा, फारसा भार न पडणारा कूर्चेचा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि गादीला जिथे खड्डा पडलाय तिथे भरायच्या. यात स्टेम सेल नाहीत, पूर्ण वाढलेल्या कूर्चापेशी आहेत. त्या पद्धतीची सुधारलेली रूपं आज अनेक देशांत वापरतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या गटाने तर नाकातल्या कूर्चेच्या पेशी वाढवून गुडघ्यात बसवल्या. त्यांच्या पहिल्या १० रुग्णांची हकीकत २०१६ मध्ये आली. नाकाच्या पेशी गुडघ्यात नांदतात हे वाचून मला हसू आलं होतं, पण त्या खरंच नांदतात. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टेडमन यांची त्याआधीची युक्ती म्हणजे खड्ड्याच्या तळाशी हाडाला बारीक भोकं पाडायची, म्हणजे मज्जा वर झिरपते आणि तिच्यातल्या मूळ पेशी खड्डा भरतात. भरतात खऱ्या, पण भरण्याला गादीची लवचीकता नसते. तो व्रणासारखा राठ होतो आणि काही वर्षांत पुन्हा झिजू लागतो.

हे सगळे उपाय खड्ड्यासाठी आहेत. तरुण गुडघा, एका जागी लागलेला मार, आजूबाजूची गादी धड. आईंचं तसं नाही. रस्त्यावरचा एक खड्डा बुजवणं वेगळं, आणि अख्खा रस्ताच उखडलेला असणं वेगळं. झिजेच्या संधिवातात गादीबरोबर खालचं हाड, सांध्याचं अस्तर, मांडीचे स्नायू, पायाचा बाक असं सगळंच बिघडलेलं असतं. मोठ्या वयाच्या झिजलेल्या गुडघ्यातही वापरायचा नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेलचा एक उपचार दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये मंजूर केला, हे लपवत नाही. पण त्या पेशी ऑपरेशन करून जागेवर भरतात. सुई टोचून त्या गुडघ्यात सोडणं आणि त्यांनी आपापली जागा शोधावी अशी आशा करणं, हा प्रकार निराळा.

तर त्या सुईतून काय जातं? ते क्लिनिकवर अवलंबून आहे. कुठे मज्जेचा दाट केलेला अर्क, कुठे पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी, कुठे नाळेपासून बनवलेलं तयार उत्पादन. नाळ आणि गर्भवेष्टनापासून बनवलेल्या काही व्यावसायिक उत्पादनांची प्रयोगशाळांनी तपासणी केली, तेव्हा त्यात जिवंत स्टेम सेल सापडल्याच नाहीत. कुठे कुठे तर रुग्णाच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटचा अर्क 'स्टेम सेल' म्हणून खपवतात. त्या उपचाराची गुणवत्ता काय असेल ती असो, त्यात स्टेम सेल नसतात. आणि खऱ्या पेशी असल्या तरी त्या गादीला चिकटून नवी गादी विणत बसत नाहीत. बहुतेक थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. जाता जाता सूज उतरवणारी काही रसायनं सोडतात, एवढं मात्र दिसतं. नाव देणाऱ्या कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये लिहिलं की आता हे नाव बदला. या पेशी शरीरात जाऊन नव्या ऊती घडवत नाहीत, औषधासारखे संकेत सोडतात, तेव्हा 'स्टेम सेल' म्हणून लोकांची दिशाभूल नको. बारसं करणाऱ्यानेच असं म्हणावं, तरी पाट्या काही उतरल्या नाहीत.

मग त्या संकेतांनी दुखणं तरी कमी होतं का? अमेरिकेत यावर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०२३ मध्ये आला. गुडघ्याची झीज असलेल्या ४७५ जणांना चिठ्ठ्या टाकून चार गटांत वाटलं होतं. एकाला मज्जेचा अर्क, दुसऱ्याला चरबीतल्या पेशी, तिसऱ्याला नाळेतल्या पेशी, चौथ्याला नेहमीचं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वर्षभराने दुखणं मोजलं तेव्हा पेशींचा एकही गट स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. एमआरआयमध्येही गादीत फरक दिसला नाही. २०२५ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, अशा बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या. दुखणं आणि हालचाल यांत किंचित फरक पडत असेल, पण पुरावा कच्चा आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

शेजारच्या काकूंना गुण आला, असं आई म्हणतील. आलाही असेल, काकू खोटं बोलत नाहीत. गुडघेदुखी भरती-ओहोटीसारखी असते आणि माणूस इंजेक्शन घ्यायला जातो तो ऐन भरतीत. ओहोटी येणारच होती. शिवाय नुसत्या खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शननेही पुष्कळांना बरं वाटतं, हे चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट बाजूही सांगतो. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या अशा उत्पादनात जंतू निघाले आणि १२ जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. गुडघ्यात जंतू गेले तर पुढे सांधा बदलायची वेळ आल्यावर ते ऑपरेशनही अवघड होऊन बसतं.

आशा आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. आहे, पण उंदरात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये माणसातली हाड आणि कूर्चा बनवणारी खरी मूळ पेशी वेगळी काढून दाखवली. २०२० मध्ये त्यांनी उंदरांच्या सांध्यात स्टेडमनसारखीच भोकं पाडली, एक प्रथिन देऊन मूळ पेशी जाग्या केल्या आणि दुसऱ्याने रक्तवाहिन्यांची वाट अडवली. पेशी धर्मशाळेतच थांबल्या, कूर्चा झाली. जपानमधल्या क्योटोमध्ये आयपीएस पेशींपासून, म्हणजे साध्या पेशीला उलटं नेऊन मूळ अवस्थेत आणलेल्या पेशींपासून, कूर्चा बनवण्याचं काम चालू आहे. आणि सांबर दरवर्षी शिंगं गाळून नवी उगवतं, ती आधी कूर्चा आणि मग हाड अशीच, झपाट्याने. निसर्गाला हे येतं, हे बघून हेवा वाटतो. पण यातलं काहीही आज आईंच्या गुडघ्यात सुईने घालता येत नाही.

आता खरा प्रश्न, आईंशी बोलायचं कसं. 'ते इंजेक्शन नको' इथून सुरुवात करू नका. त्या स्टेम सेलवरून रुसलेल्या नाहीत. मुलाच्या पायासाठी घर धावलं आणि आपल्या वेळी 'थांबू' ऐकावं लागलं, हे त्यांना लागलंय. त्यांना आधी विचारा की ऑपरेशनची भीती नेमकी कशाची आहे. भुलीची, की अंथरुणाला खिळण्याची, की घरच्यांवर भार होण्याची? पत्रात 'ऑपरेशन टळेल' हे शब्द आहेत. क्लिनिकने विकलं ते तेच, गादी नंतरची. मग त्यांनाच बरोबर घेऊन तिथे जा आणि प्रश्न त्यांना विचारू द्या. पेशी कुठल्या, किती, त्या मोजता का, मोजल्याचा कागद द्याल का? गादी वाढली हे वर्षाने एमआरआय काढून दाखवाल का? ही चाचणी असेल तर तिची नोंद कुठे आहे, आणि चाचणी आहे तर पैसे रुग्णाकडून का? माझा अनुभव आहे, मुलगी अडवते तेव्हा आई हट्टाला पेटते, आणि समोरचा डॉक्टर उत्तर टाळतो तेव्हा तीच पर्स उचलून उठते.

आणि त्याच आठवड्यात त्यांच्यासाठी काहीतरी खरं सुरू करा, म्हणजे 'थांबू'चा अर्थ 'विसरू' होणार नाही. चांगला फिजिओथेरपिस्ट गाठा. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा धक्का तो झेलतो, आणि हा व्यायाम खुर्चीत बसूनही होतो: पाय सरळ करायचा, दहा अंक मोजायचे, खाली ठेवायचा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हे मोजून पाहिलेलं आहे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात धरायची. दहापैकी नऊ जण चुकीच्या हातात धरतात, हा माझा हिशेब, कुठे छापलेला नाही. एवढं करून सहा महिन्यांनी रात्रीची झोप मोडत असेल, जिना नकोसा होत असेल, तर सांधा बदलण्याचं बोलणं उघडपणे काढा. ते ऑपरेशन टाळून पाच-सात वर्षं घरात कुढत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. नंतर त्या हमखास विचारतात की आधी का नाही सांगितलंत.

एक गोष्ट पत्रात राहून गेली. भाऊ सिगारेट ओढतो का? ओढत असेल तर मज्जा काढायची तारीख ठरण्याआधी ती सुटायला हवी. तंबाखूने हाडाचं रक्त आटतं, नडगी न जुळण्याचं ते नेहमीचं कारण आहे, आणि फ्रान्समधून कितीही दाट मज्जा मागवली तरी त्यावर उतारा नाही. हे त्याला आईंकडून सांगवा. तुमच्याशी तुटक बोलत असल्या तरी त्याला चार शब्द सुनवायला त्या तयारच असतील.